जुन्या चिमणीत लायनर: इंग्लंडमधल्या घरात लाकडाचा स्टोव्ह बसवण्याआधी, बसवताना आणि नंतर

इंग्लंडमध्ये जुनं टेरेस किंवा सेमी-डिटॅच्ड घर घेतलं की बैठकीच्या खोलीत फळी ठोकून बंद केलेली फायरप्लेस हमखास निघते. पहिल्या हिवाळ्यात गॅसचं बिल आलं की तिथे लाकडाचा स्टोव्ह बसवावा असं बहुतेकांच्या मनात येतं. आपल्याकडची मंडळी याबद्दल विचारतात तेव्हा प्रश्न स्टोव्हचे असतात: कोणता घ्यावा, किती किलोवॅटचा, काच काळी पडते का. चिमणीबद्दल कुणी विचारत नाही. कोटेशनमध्ये ‘लायनर’, म्हणजे चिमणीच्या आत वरपासून खालपर्यंत सोडायची धुराची नळी, ही ओळ आणि तिच्यापुढचा आकडा दिसला की मात्र विचारतात, हे टाळता येईल का?

माझं मत स्पष्ट आहे. पैसे कमी पडत असतील तर साधा स्टोव्ह घ्या, पण लायनरमध्ये काटकसर करू नका. स्टोव्ह उद्या बदलता येतो. लायनर एकदा चिमणीत गेला की तो पुढे कित्येक वर्षं कुणाच्या नजरेस पडत नाही, आणि वर झोपलेल्या मुलांची सुरक्षितता त्याच्यावर असते.

या सगळ्या कामाच्या मुळाशी दोनच गोष्टी आहेत. धूर बाहेर पडेपर्यंत गरम राहिला पाहिजे, आणि वाटेत कुठेही घरात शिरता कामा नये. खालची प्रत्येक पायरी या दोहोंपैकी एकीसाठी आहे. हे लक्षात ठेवलंत तर काम स्वतः करा किंवा फिटरकडून करून घ्या, ते नीट चाललंय का हे तुम्हाला ओळखता येईल. नियम इंग्लंडचे सांगतो आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे वेगळे आहेत.

जुनी चिमणी का पुरत नाही

१९६५ च्या बिल्डिंग रेग्युलेशन्सनंतरच्या घरांत चिमणीच्या आत मातीच्या किंवा काँक्रीटच्या नळ्या बसवलेल्या असतात. त्याआधीच्या, म्हणजे व्हिक्टोरियन आणि एडवर्डियन घरांत विटांच्या पोकळीला आतून फक्त चुन्याचा गिलावा असतो. शंभर वर्षं तिथे कोळसा जळलेला असतो. त्यातल्या गंधकाने आणि वरून मुरणाऱ्या पावसाने तो चुना खाल्लेला असतो, विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, भुसभुशीत झालेल्या असतात. अशा फटींतून धूर वरच्या बेडरूममध्ये, माळ्यावर, आणि भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्यांच्या घरातही जातो. धुराचा निदान वास येतो. त्याच्यासोबत येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही.

दुसरं कारण आकाराचं आहे. जुनी पोकळी साधारण २२५ मिमी चौरस असते, कारण ती उघड्या जाळासाठी बांधलेली होती. उघड्या जाळाची बरीचशी धग आणि खोलीतली भरपूर हवा वर निघून जायची. तेवढी रुंद वाट त्याला लागायची. आजचा बंद स्टोव्ह लाकडातली ७५ ते ८० टक्के उष्णता खोलीत देतो. चिमणीत जाणारा वायू थोडा आणि त्या मानाने थंड. रुंद, गार विटांमध्ये तो रेंगाळतो, आणखी निवतो, आणि त्यातली वाफ व डांबर भिंतीला चिकटतं. एक किलो अगदी कोरडं लाकूड जळतानाही जवळपास अर्धा किलो पाण्याची वाफ तयार होते, कारण लाकडातल्या हायड्रोजनचं पाणीच होतं. ती वाफ बाहेर पडण्याआधी निवली तर पाणी आणि डांबर दोन्ही तुमच्या भिंतीत मुरतात. छातीवर, म्हणजे चिमणीच्या पुढे आलेल्या भिंतीवर, पिवळे-तपकिरी डाग उमटतात ते याचेच. कोरडं साठलेलं डांबर पुढे पेट घेतं.

कायदा प्रत्येक चिमणीत लायनर घालाच असं म्हणत नाही. चिमणी धूरचाचणीत टिकली आणि आकार जुळला तर लायनरशिवायही स्टोव्ह बसवता येतो. पण १९६५ पूर्वीच्या घरात मी तो मार्ग सुचवणार नाही.

आधी परवानगी

लाकडाचा स्टोव्ह आणि चिमणीतला लायनर हे दोन्ही बिल्डिंग रेग्युलेशन्सखाली येणारं काम आहे. रस्ते दोन. एक, हेटाससारख्या योजनेत नोंदणी असलेला फिटर लावायचा. तो काम करून स्वतःच प्रमाणपत्र देतो आणि कौन्सिलला कळवतो. दोन, काम स्वतः करायचं, पण सुरू करण्याआधी कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला अर्ज करून, शुल्क भरून, त्यांच्याकडून तपासणी करून घ्यायची. स्वतः करणं बेकायदा नाही. न कळवता करणं बेकायदा आहे. घर विकताना खरेदीदाराचा वकील हा कागद मागतोच, आणि आग लागली तर विमा कंपनीही पहिल्यांदा तोच मागते.

घर लिस्टेड असेल किंवा कॉन्झर्वेशन एरियात असेल तर वेगळी परवानगी लागू शकते. शेजाऱ्यांबरोबरची सामाईक भिंत कापायची असेल तर १९९६ चा पार्टी वॉल कायदा वाचा, आणि कायदा लागू नसला तरी शेजाऱ्यांना आधी सांगा. त्यांची चिमणी बहुधा त्याच स्टॅकमधून, म्हणजे छपरावर निघालेल्या चिमणीच्या बांधकामातून, जाते. पुढे धूरचाचणीला त्यांच्या घरात डोकवावं लागतं.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुरकं बसलं, हजारो माणसं गेली, आणि त्यातून १९५६ चा क्लीन एअर कायदा आला. आजचा १९९३ चा कायदा त्याचाच वारस. मोठ्या शहरांचा बराच भाग आज स्मोक कंट्रोल एरियात येतो. तिथे लाकूड जाळायचं तर डेफ्राच्या, म्हणजे सरकारच्या पर्यावरण खात्याच्या, सूट दिलेल्या यादीतलाच स्टोव्ह लागतो, आणि चिमणीतून धूर निघाला तर इंग्लंडमध्ये १७५ ते ३०० पौंड दंड होऊ शकतो. तुमचा पत्ता कुठे येतो हे कौन्सिलकडे विचारा, मगच दुकानात जा.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. चुलीसमोर फुंकणी घेऊन डोळे चोळणाऱ्या आया-आज्या आपण पाहिल्या आहेत. लाकडाचा धूर छातीला काय करतो हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. चांगला स्टोव्हही बारीक धूलिकण हवेत सोडतोच. शहराच्या मध्यात राहत असाल, सेंट्रल हीटिंग व्यवस्थित चालत असेल आणि घरात कुणाला दमा असेल, तर स्टोव्ह न बसवणं हाच शहाणपणाचा निर्णय आहे. बसवायचाच असेल तर पूर्ण काळजीने बसवा.

चिमणीची झाडाझडती

इथे घाई करू नका. लायनर मागवण्याआधी हे सगळं झालेलं हवं.

पहिलं काम झाडलोट. नोंदणी असलेल्या चिमणी-झाडणाऱ्याला बोलवा आणि त्याला सांगा की लायनर घालायचा आहे. काजळी आणि जुनं डांबर राहिलं आणि त्यावर लायनर गेला, तर गरम झालेल्या लायनरच्या मागे ते पेटू शकतं. शिवाय त्याचा वास वर्षानुवर्षं खोलीत येत राहतो. घरटी असतील तर वेळ पाहा. जॅकडॉ नावाचा छोटा कावळा इथे वसंतात चिमणीत काड्या भरतो, आणि वापरात असलेलं घरटं मोडणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. म्हणून उन्हाळ्याचा शेवट, ऑगस्ट, हा या कामाला उत्तम. पिल्लं उडालेली असतात, वर सिमेंट-चुन्याचं काम गारठ्यात सापडत नाही, आणि ऑक्टोबरची गर्दी सुरू झालेली नसते.

झाडून झालं की धूरचाचणी आणि शक्य असल्यास कॅमेरा आत सोडून पाहणी. कॅमेऱ्यात वळणं दिसतात, पडलेल्या विटा दिसतात, आणि दोन चिमण्यांमधली पातळ विटांची पडदी शाबूत आहे का तेही दिसतं. ही पडदी पुढे इन्सुलेशनच्या वेळी महत्त्वाची ठरते.

मग माळ्यावर चढा. आधीच्या मालकाने जागा वाढवायला वरच्या मजल्यावरची चिमणीची छाती पाडून टाकलेली असते आणि वरचा स्टॅक कशाच्या तरी आधारावर लटकत असतो, असं या देशात बऱ्याच घरांत आढळतं. आधार नसेल तर काम थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. माळ्यावरच लाकडी तुळया आणि वासे चिमणीपासून किती दूर आहेत तेही मोजा. नियमानुसार जळणारी वस्तू धुराच्या नळीपासून निदान २०० मिमी किंवा चिमणीच्या विटांच्या बाहेरच्या पृष्ठापासून ४० मिमी अंतरावर हवी.

फायरप्लेस उघडताना मागे लोखंडी पेटी सापडली तर हात लावू नका. ती जुना बॅक बॉयलर, म्हणजे जाळामागे बसवलेली पाणी तापवायची टाकी, असू शकते. पाणी भरलेला, दोन्ही तोंडं बंद केलेला असा बॉयलर जाळाने तापला तर फुटतो, आणि तो फुटणं जीवघेणं असतं. स्टोव्ह बसवण्याआधी तो काढूनच टाकायला हवा. जुन्या गॅस-हीटरची नळी किंवा दोरीसारखं सील सापडलं तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे का ते तपासून घ्या. स्वतः तोडू नका.

शेवटी उंची. स्टोव्हच्या तोंडापासून चिमणीच्या टोकापर्यंत निदान ४.५ मीटर हवेत. दुमजली घरात ते सहज भरतात. एकमजली मागच्या विस्तारित खोलीत मात्र हाच अडसर होतो. टोक घराच्या आढ्याजवळ असेल तर ते आढ्यापेक्षा किमान ६०० मिमी वर हवं. उतारावर खाली असेल तर नियम जरा गुंतागुंतीचा आहे, ‘अप्रूव्हड डॉक्युमेंट J’ या बिल्डिंग रेग्युलेशन्सच्या सरकारी मार्गदर्शिकेतली आकृती समोर ठेवून मोजा.

स्टोव्ह केवढा, लायनर केवढा

खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणा आणि १४ ने भागा. साधारण इन्सुलेशन असलेल्या खोलीला लागणारे किलोवॅट मिळतात. ५ मीटर बाय ४ मीटर, उंची २.४ मीटर, म्हणजे ४८ घनमीटर. भागिले १४, साडेतीन किलोवॅटच्या आत. तरीही दुकानदार आठचा दाखवतो आणि लोक ‘असू दे, थंडी फार आहे’ म्हणून घेतात. मग खोलीत उकडतं, हवा बंद करून जाळ मंद ठेवला जातो, धूर थंड होतो आणि लायनर डांबराने भरतो. लहान स्टोव्ह जोमात जाळणं मोठा स्टोव्ह धुमसत ठेवण्यापेक्षा कधीही चांगलं.

लायनरचा व्यास स्टोव्हच्या तोंडापेक्षा कधीच कमी नको. ३० किलोवॅटपर्यंतच्या बंद स्टोव्हला नियमाने १५० मिमी. डेफ्राची सूट असलेल्या २० किलोवॅटपर्यंतच्या स्टोव्हला १२५ मिमी चालतो, स्टोव्हच्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असलं तर. चिमणीत जागा असेल तर मी १५० चीच शिफारस करतो. पुढे स्टोव्ह बदलला तरी लायनर चालतो. त्याहून मोठा घालण्यात काही अर्थ नाही, तो धूर पुन्हा थंड करतो.

लाकडासाठी लायनर दुहेरी पदराचा, लवचीक, स्टेनलेस स्टीलचा हवा. गॅससाठीचा एकेरी पदराचा स्वस्तात मिळतो, तो इथे चालत नाही. दुहेरीतही दोन दर्जे येतात, ३१६ आणि ९०४. ९०४ मध्ये निकेल जास्त, आम्लाला जास्त टिकतो. फक्त कोरडं लाकूड जाळणार असाल तर ३१६ निभावून नेईल, पण कोळशाच्या जातीचं धूरविरहित इंधन कधी टाकणार असाल, तर ९०४ घ्या. माझ्या मते दोन्ही परिस्थितीत ९०४ घ्यावा, कारण मजुरी आणि परांचीच्या खर्चापुढे हा फरक मोठा राहत नाही. लायनरवर बीएस ईएन १८५६-२ हे मानक लिहिलेलं हवं.

परांची आणि माप

छपरावरचं काम शिडीवरून करू नका. स्टॅकभोवती व्यवस्थित परांची बांधून घ्या. एकदा ती उभी राहिली की त्याच खर्चात वरच्या दर्जा भरून घेता येतात, शिशाचे पत्रे तपासता येतात, सैल कौलं बसवता येतात. हे तिन्ही वेगळं करायला गेलात तर परांचीचा खर्च पुन्हा पडतो.

चिमणीच्या टोकावरचा मातीचा पॉट काढणं हे जोखमीचं काम. त्याच्या बुडाचा जुना गिलावा छिन्नीने हळूहळू फोडायचा, आणि पॉट दोघांनी मिळून उचलायचा. दिसतो त्याहून तो फार जड असतो. मग टोकाला वजन बांधलेली दोरी वरून थेट खाली सोडा. खाली जिथे रजिस्टर प्लेट, म्हणजे पोकळी खालून बंद करणारा पत्रा, येणार त्या ठिकाणी खूण करा, दोरी वर ओढून मोजा, आणि त्यात अर्धा ते एक मीटर जास्त धरा. लायनर अखंड, एका तुकड्यातच हवा; मधे जोड चालत नाही. कमी पडलेला लायनर वाया जातो.

लायनर मागवण्याआधी वाट मोकळी आहे का ते पाहायला त्याच्या बाहेरच्या व्यासापेक्षा जरा मोठा गोळा दोरीला बांधून वरून खालपर्यंत फिरवा. अडला तर कुठे अडला ती उंची मोजा. बऱ्याचदा पुढे आलेली एखादी वीट असते, आणि ती काढायला त्या उंचीवर छातीच्या भिंतीला भोक पाडावं लागतं. हे आता कळलेलं बरं.

लायनर आत सोडणं

जाड हातमोजे घाला. कापलेल्या लायनरची कड पात्यासारखी धारदार असते.

लायनरवर बाण छापलेला असतो. तो धुराच्या दिशेने, म्हणजे वर दिसला पाहिजे. आतल्या पट्ट्यांचे पदर त्या दिशेने एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे निवलेलं पाणी आतून खाली स्टोव्हकडे येतं. उलटा घातला तर ते पाणी पदरांत अडकून लायनर कुजवतं. मी कुणाचंही काम बघायला गेलो की आधी हा बाण बघतो.

इन्सुलेशनची गुंडाळी वापरणार असाल तर लायनर जमिनीवरच पूर्ण उलगडून त्यावर ती घट्ट बांधून घ्या, मगच वर चढवा. खालच्या तोंडाला शंकूच्या आकाराची टोपी लावून त्याला दोरी बांधायची. दोन माणसं वर, एक खाली. वरचे हळूहळू लायनर आत देतात, खालचा दोरी फक्त ताठ ठेवतो आणि दिशा देतो. खालच्याने ओढायचं नाही, हे आधी ठरवा, आणि फोन स्पीकरवर चालू ठेवा, कारण चिमणीतून ओरडलेलं नीट कळत नाही. वळणावर अडला तर थोडा मागे घ्या, पट्ट्या गुंडाळलेल्या दिशेनेच किंचित फिरवा आणि पुन्हा सोडा. जबरदस्तीने ओढला तर लायनर दबतो किंवा त्याचा पीळ उघडतो, आणि एकदा दबलेला लायनर सरळ होत नाही. वळण उभ्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा जास्त नको.

वरच्या टोकाला लायनरचं वजन पेलणारा स्टीलचा क्लॅम्प किंवा पत्रा स्टॅकवर बसतो. लायनर वरून लटकतो, खालच्या स्टोव्हवर उभा राहत नाही. क्लॅम्प घट्ट झाला की पॉट परत ठेवून भोवती चुन्याचा किंवा सिमेंटचा उतरता गिलावा करायचा, पाणी बाहेर निथळेल असा. तापमान ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर त्या दिवशी हे काम काढू नका. सर्वांत वर काउल, म्हणजे पावसाची टोपी, पक्ष्यांसाठीच्या जाळीसह. जाळी फार बारीक असेल तर तीच काजळीने बुजते.

इन्सुलेशन

लायनर आणि विटांमधली पोकळी भरायचे दोन मार्ग आहेत: वरून व्हर्मिक्युलाइटचे हलके दाणे ओतायचे, किंवा लायनरलाच गुंडाळी करायची. मला गुंडाळी पसंत आहे. दाणे ओतले आणि मधली पडदी फुटकी असेल, तर ते शेजाऱ्यांच्या चिमणीत जाऊन त्यांच्या खोलीत पसरतात आणि त्यांच्या स्टोव्हची वाट बुजवतात. पावसाचं पाणी गेलं तर दाणे ओल धरून ठेवतात, आणि पुढे लायनर बदलायच्या दिवशी ते सगळं दिवाणखान्यात येतं. चिमणी अगदी अरुंद असेल, गुंडाळलेला लायनर जातच नसेल, तर दाण्यांवाचून इलाज नाही.

घराच्या बाहेरच्या भिंतीवर असलेली चिमणी तीन बाजूंनी थंडी खाते. तिथे इन्सुलेशन वगळू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

खालचा जोड

फायरप्लेसच्या वरच्या बाजूला पोकळी बंद करणारी रजिस्टर प्लेट बसते. ती पोलादी पत्र्याची किंवा न जळणाऱ्या बोर्डाची हवी; साधा प्लास्टरबोर्ड चालत नाही. दाणे ओतले असतील तर त्यांचं वजन पेलेल इतकी ती मजबूत हवी. कडांना अग्निरोधक सिमेंट किंवा दोरीने सील करायचं. प्लेट नीट बंद नसेल तर खोलीतली गरम हवा तिच्या फटींतून वर जाते आणि वरची थंड हवा व काजळीचा वास खाली येतो.

लायनर प्लेटमधून खाली येतो आणि ॲडॅप्टरने स्टोव्हच्या काळ्या, एनॅमल केलेल्या पाइपला जोडला जातो. ॲडॅप्टर स्टीलच्या स्क्रूंनी पक्का करा आणि सांधा अग्निरोधक सिमेंटने भरा. पाइपचे सांधे लावताना वरच्या पाइपचं अरुंद टोक खालच्या पाइपच्या आत गेलं पाहिजे. उलटं केलं की डांबराचे ओघळ पाइपच्या बाहेरून तुमच्या डोळ्यांसमोर उतरतात. शक्य असेल तर स्टोव्हच्या वर ६०० मिमीपर्यंत पाइप सरळ उभा ठेवा. ओढ, म्हणजे धूर वर खेचणारा जोर, लवकर धरते. मागच्या तोंडातून आडवा पाइप काढायचा असेल तर तो १५० मिमीपेक्षा लांब नको. आच्छादन नसलेला पाइप लाकडी चौकट किंवा मँटलपासून आपल्या व्यासाच्या तिप्पट दूर हवा, म्हणजे १५० च्या पाइपला ४५० मिमी. बीम सुंदर दिसतो म्हणून बरेच जण इथे सूट घेतात. घेऊ नये.

हवा, हर्थ आणि अलार्म

जुन्या, फटींच्या घरात ५ किलोवॅटपर्यंतच्या स्टोव्हला वेगळी हवेची जाळी लागत नाही. त्यावरच्या प्रत्येक किलोवॅटला ५५० चौरस मिमी कायमची उघडी जाळी हवी. ८ किलोवॅटच्या स्टोव्हला तीन गुणिले ५५०, म्हणजे १६५० चौरस मिमी. नव्या, हवाबंद घरात पूर्ण किलोवॅटवर हिशेब होतो. ही जाळी गार वारं येतं म्हणून पिशवीने बुजवणाऱ्या घरांत मी गेलो आहे. कृपा करून असं करू नका. शिवाय फोडणीच्या वासासाठी आपल्या घरांत स्वयंपाकाचा पंखा मोठा आणि जोरात चालतो. स्टोव्ह त्याच मोकळ्या जागेत असेल तर तो पंखा चिमणीतला धूर उलटा ओढून खोलीत आणू शकतो.

स्टोव्हखालचा हर्थ, म्हणजे स्टोव्ह ज्यावर उभा राहतो तो ओटा, न जळणारा हवा. हर्थचं तापमान १०० अंशांपुढे जात नाही असं माहितीपत्रक सांगत असेल तर १२ मिमी जाडीचा दगड किंवा फरशी पुरते, नाहीतर जाड बांधीव हर्थ लागतो. स्टोव्हसमोर दरवाजा उघडा ठेवून जाळायचा असेल तर ३०० मिमी, एरवी २२५ मिमी मोकळा हर्थ ठेवा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बीएस ईएन ५०२९१ मानकाचा. छताला लावत असाल तर भिंतीपासून ३०० मिमी दूर. भिंतीला लावत असाल तर दारं-खिडक्यांपेक्षा वर, पण छतापासून १५० मिमी खाली. स्टोव्हपासून आडवं अंतर १ ते ३ मीटर. नियमाने एक पुरतो. चिमणी ज्या बेडरूममधून वर जाते तिथे दुसरा लावा, आणि ती मुलांची खोली असेल तर दोनदा विचार न करता लावा.

चाचणी आणि पहिला जाळ

सिमेंट वाळायला दिलेला वेळ पूर्ण जाऊ द्या. मग धूरचाचणी: चिमणी थोडी ऊबदार करून स्टोव्हमध्ये धुराची गोळी पेटवायची, वरून धूर नीट वाहतोय हे पाहून वरचं तोंड बंद करायचं आणि घरभर फिरायचं. प्रत्येक बेडरूम, माळा, शेजारी. कुठेही धूर दिसता कामा नये. त्यानंतर दारं-खिडक्या लावून, पंखे पूर्ण वेगाने चालू ठेवून, स्टोव्ह जळत असताना धूर खोलीत येतो का ते पाहायचं. ओढ यंत्राने मोजून घ्या. बहुतेक स्टोव्ह प्रयोगशाळेत १२ पास्कल ओढीवर तपासलेले असतात. त्याहून खूपच जास्त भरली तर जाळ ताब्यात राहत नाही आणि लायनरही लवकर जातो.

काम झाल्यावर हर्थ, चिमणी, लायनरचा व्यास आणि तारीख लिहिलेली पाटी मीटरजवळ किंवा तशाच दिसणाऱ्या जागी लावणं नियमात आहे. फिटरकडून ती लावून घ्या.

पहिले काही जाळ लहान ठेवा, खिडकी उघडी ठेवून, कारण स्टोव्हचा रंग पक्का होताना वास सुटतो. पेटवताना मोठी लाकडं खाली, त्यावर बारीक ढलप्या, आणि पेटवायचं वरून. आपल्या चुलीच्या सवयीला हे उलटं वाटेल, पण वरचा जाळ खालून येणारा धूर जाळत जातो आणि चिमणी लगेच तापते. सरपण २० टक्के किंवा त्याहून कमी ओलाव्याचंच हवं. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून लहान प्रमाणात विकल्या जाणाऱ्या लाकडावर ‘रेडी टू बर्न’ची खूण लागते, ती पाहा, आणि ओलावा मोजणारं छोटं यंत्र घरात ठेवा. लाकूड फोडून आतल्या ताज्या बाजूवर मोजा, वरची साल नेहमीच कोरडी दाखवते.

पुढची देखभाल

वर्षातून किमान एकदा, आणि रोज जाळत असाल तर दोनदा, चिमणी झाडून घ्या. लायनरला पोलादी ब्रश लावू देऊ नका. प्लॅस्टिकचा ब्रश किंवा मऊ फिरता ब्रश वापरायला सांगा. प्रत्येक वेळी पावती घ्या, बहुतेक लायनरची हमी या पावत्यांवर टिकते.

मधल्या काळात स्वतः लक्ष ठेवा. काच पुन्हा पुन्हा काळी पडते, दार उघडलं की धूर अंगावर येतो, पेटायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो, वरच्या खोलीत वास येतो, छातीवर डाग दिसतात: यातलं काहीही झालं तर झाडणाऱ्याला बोलवेपर्यंत स्टोव्ह बंद ठेवा. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकं दुखणं, मळमळणं सुरू झालं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर अलार्म वाजो न वाजो, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि मदत मागवा.

चिमणीला आग लागलीच तर जेट विमानासारखा घोंघाट ऐकू येतो आणि पाइप लाल होऊ लागतो. ९९९ लावा, स्टोव्हची सगळी हवा बंद करा, दार उघडू नका, पाणी ओतू नका, घरातल्यांना बाहेर काढा. शेजाऱ्यांनाही उठवा, भिंत त्यांचीही आहे. आग विझल्यावर लायनर बाहेरून कितीही धड दिसला तरी कॅमेऱ्याने तपासून घेईपर्यंत पुन्हा पेटवू नका.